सात नंबर बेडची एस.टी.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलात एक फॉर्म भरून घेतात. नाव, वय, वजन, शुगर, बीपी आणि शेवटून दुसऱ्या ओळीत व्यसन. आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हक्क एकाच माणसाला आहे, माझ्या नवऱ्याला. धनाजी मुकादम. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात चाळीस माथाड्यांची टोळी त्यांच्या हाताखाली आहे, आणि त्या टोळीत कुणाच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली तर तो माणूस दिवसभर बिनकामाचा बसतो. तोंडावर मी त्यांना ‘अहो’ म्हणते, मनात मात्र मुकादमच म्हणते. फॉर्म भरणाऱ्या मुलीनं "व्यसन?" असं विचारलं तेव्हा मुकादम छाती पुढे काढून म्हणाले, "आमच्या घरात सुपारीचं खांडसुदिक न्हाय."

मी शेजारीच उभी होते. माझ्या पर्समध्ये बामची जुनी डबी होती आणि तिच्यात बाम नव्हता, मशेरी होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी आपण काही लपवतोय असं मला वाटलंच नाही. म्हणजे डबी लपवत होते, पण व्यसन लपवत नव्हते. आमच्या साताऱ्याकडे पुरुष तंबाखू खातात आणि बायका दात घासतात, ही विभागणी पक्की आहे. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरायचं, चिमूटभर बोटावर घ्यायचं आणि दातांवरून फिरवत बसायचं. दात घासणाऱ्या बाईला कुणी व्यसनी म्हणतं का? दिवसातून पाच वेळा घासत असली म्हणून काय झालं?

माझ्या सासूबाई वेणूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या पाच वेळा घासायच्या. उठल्यावर, चहानंतर, जेवणानंतर, दुपारची झोप झाल्यावर आणि दिवेलागणीला. वय एकाहत्तर. महिन्यापूर्वी त्या बाथरूममध्ये घसरल्या, टेंगूळ आलं, गेलं, आम्ही विसरलो. मग त्यांच्या डाव्या हातातून भांडी पडायला लागली. मला वाटलं, माझ्यावरचा राग भांड्यांवर काढतायत, कारण ते नेहमीचंच होतं. पण एक दिवस त्यांनी स्वतःचा चहा सांडला आणि मला एकही शब्द बोलल्या नाहीत. तेव्हा मी घाबरले. नेरूळच्या हॉस्पिटलात फोटो काढला तर मेंदूवर रक्त साकळलेलं. डॉक्टर आशुतोषांनी कवटीला दोन भोकं पाडून ते काढून टाकलं. ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी आयसीयूतल्या पेजेला नावं ठेवली आणि आम्ही निर्धास्त झालो.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई एस.टी.त बसल्या.

मी सकाळी भेटायला गेले तर म्हणतात कशा, "सरकून बस गं बाई. गाडी भरलीया नुसती." मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी आयुष्यात माझी कधी थट्टा केलेली नाही, जे काय बोलायचं ते मनापासून. मग माझ्या लक्षात आलं. बेडला दोन्ही बाजूंनी दांड्या होत्या, वर बाटली लोंबकळत होती, कुठंतरी सारखी घंटी वाजत होती आणि युनिफॉर्ममधली माणसं ये-जा करत होती. सिस्टर भाविका त्यांच्या मते कंडक्टर होती. डॉक्टर आशुतोष ड्रायव्हर, आणि तेही चांगले नव्हेत, कारण "ह्यो बाबा सकाळधरनं गाडी जागची हलवंना." आठ नंबरच्या बेडवरचे आजोबा तोंड उघडं टाकून झोपले होते. त्यांच्याकडे बघून आत्याबाई हळहळल्या. "त्येला उठवा की कुणीतरी. कोल्हापुरापासनं झोपलाय. त्येचं गाव गेलं मागं."

"तुम्हाला कुठं उतरायचंय, आत्याबाई?" मी विचारलं.

"उंब्रजला. आन् तू कोण?"

बावीस वर्षं एका स्वयंपाकघरात भांडलो आम्ही. तू कोण, म्हणे.

उंब्रज आलं की आत्याबाई उतरायला बघायच्या. उतरायचं म्हणजे हातातली सुई उपटायची, लघवीची नळी ओढायची आणि दांडीवरून पाय टाकायचा. रात्रीतून उंब्रज तीनदा आलं असं भाविका सिस्टर म्हणाली. शेवटी त्यांचे दोन्ही हात कापडी पट्ट्यांनी बेडला बांधले. मग तर आत्याबाईंची खात्रीच पटली की तिकीट नाही म्हणून कंडक्टरनं बांधून घातलंय, आणि त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिकिटासाठी शपथा घालू लागल्या.

डॉक्टर आशुतोष तरुण आहेत, पण समजावून सांगायची हौस दांडगी. आम्हा दोघांना खोलीत बसवून ते म्हणाले, "याला डिलिरियम म्हणतात. वेड नाही. मेंदूच्या ऑपरेशननंतर आयसीयूत हे बऱ्याच पेशंट्सना होतं, वयस्कर लोकांना जास्त. झोप मोडते, दिवस-रात्र कळत नाही, अंगाला नळ्या, हात बांधलेले. आजींना चष्मा आहे का?"

चष्मा माझ्या पर्समध्ये होता. ऑपरेशनच्या दिवशी काढून दिला होता.

"ऐकायचं मशीन?"

तेही पर्समध्ये. थोडक्यात, आत्याबाईंची अर्धी अक्कल मी काखोटीला मारून सानपाडा ते नेरूळ फिरवत होते.

"ते दोन्ही आजच घाला. आणि एक विचारतो, कसली सवय? दारू, तंबाखू, झोपेची गोळी? सवयीची गोष्ट अचानक तुटली तरी असं होतं."

"डॉक्टर," मुकादम म्हणाले, "माझा बाप तंबाखूनं गेला. गालातनं सुरू झालं, जबडा काढला, तरी गेला. त्या दिसापास्नं माझ्या आयनं दातवणाची डबीसुदिक टाकली. माझ्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतलीया तिनं."

हे अक्षरशः खरं होतं. हात ठेवला होता, शपथ घेतली होती, डबी मुकादमांनी स्वतः मार्केटच्या उकिरड्यावर फेकली होती. त्यालाही आता नऊ वर्षं झाली. दुसरी डबी मी तिसऱ्या दिवशी आणून दिली हे काही त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. सासरे गेल्यावर म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसायची, जेवायची नाही. मी चिमूटभर बोटावर ठेवली तशी बोलायला लागली. पहिलं वाक्य "भाजताना जाळलीस" हे होतं. त्यानंतर मुकादम पहाटे मार्केटला गेले की आम्ही गॅलरीत तवा चढवायचो. बोलणं कमीच. मी ब्लाउजला हुक लावत बसायचे, त्या बोट फिरवत बसायच्या. आणि एवढं सगळं ऐकल्यावर तुम्हाला आलीच असेल शंका, तर हो, मीपण लावायचे. दिवसातून दोनदा. नवऱ्याला बायकोच्या दातांकडे बघायला लग्नानंतरचं पहिलं वर्षच काय तेवढं मिळतं, नंतर कोण बघतंय?

मी डॉक्टरांच्या खोलीत गप्प बसले.

चौथ्या दिवशी चष्मा आला, मशीन आलं, पण एस.टी. काही थांबेना. उलट नवीनच एक गोष्ट सुरू झाली. भेटायच्या वेळेत हात सोडले की आत्याबाईंचं उजवं बोट आपोआप तोंडाकडे जायचं आणि दातांवर फिरायला लागायचं. पुढून मागे, मागून पुढे. डोळे कुठंतरी लागलेले. सगळे डॉक्टर जमा झाले. एकजण म्हणाला, ही फिट असू शकते, अशा प्रकारच्या फिटमध्ये माणूस एकच हालचाल पुन्हापुन्हा करतो. डोक्याला तारा लावून तपासणी करायचं ठरलं, आणि तोवर जोखीम नको म्हणून फिटचं औषध चालू केलं. त्या औषधानं आत्याबाई दिवसा पेंगायला लागल्या आणि रात्री दुप्पट जोरानं उतरायला लागल्या.

पाचव्या दिवशी डॉक्टर आशुतोषांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "स्कॅन पुन्हा केला, स्वच्छ आहे. सोडियम ठीक, इन्फेक्शन नाही. पण आज आजी घशाखाली पाणी नीट नेत नाहीयेत. औषध वाढवलं तर श्वास मंदावेल. मग घशात नळी टाकून मशीनवर घ्यावं लागेल. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला मशीनवर घेणं सोपं असतं, काढणं अवघड. संध्याकाळपर्यंत वाट बघू."

मुकादमांनी पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन आयुष्य काढलंय. त्या दिवशी ते भिंतीला धरून बाकावर बसले.

मी आत गेले तर भाविका सिस्टर आत्याबाईंची उशी सारखी करत होती. ही मुलगी इथलीच, करावे गावातली, खाडीकाठच्या आगरी घरातली. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "वैनी, एक सांगू? राग नका मानू. माझी आजी हाय ना घरी, तिचं बोट पन असंच फिरतं. सेम टू सेम. तिला कोन फिट आलीय बोलत नाय."

"तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"फॉर्ममध्ये ‘नाय’ लिहिलंय. मी काय सांगू? मी बघितलं थोडी? घरच्यांनी बोलायला पायजे." आणि मग ती माझ्या चेहऱ्याकडे, नेमकं सांगायचं तर चेहऱ्याच्या खालच्या भागाकडे बघत राहिली. मी ओठ मिटून घेतले.

आत्याबाईंचं बोट फिरतच होतं. कोरडं बोट, कोरड्या दातांवर. मला एकदम रडू कोसळलं. सगळं हॉस्पिटल त्या बोटाला आजार समजत होतं, आणि त्या मात्र आपली दिवसातली एकुलती एक करमणूक शोधत होत्या. ती त्यांना कुठं सापडेल हे जगात मला एकटीला माहीत होतं.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. मुकादम तिथंच होते. ते बाहेर जाईपर्यंत थांबावं असा विचार आला होता, पण थांबले असते तर तोंड पुन्हा मिटलं असतं.

"डॉक्टर, आत्याबाई मशेरी लावतात. दिवसातून पाच वेळा. पन्नासेक वर्षं. मधे दोन दिवस बंद होती तेवढीच."

मुकादमांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परक्या भाषेत बोलतेय.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच ना? पाच वेळा? आणि तुम्ही तंबाखू नाही म्हणालात?"

"ते दात घासणं असतं," मी म्हणाले. उजेडात ते वाक्य फारच बावळट वाटलं.

"पाच वेळा हे तुम्हाला इतकं नक्की कसं माहीत?"

इथं मी खरं बोलायला हवं होतं. जीभ उचललीही होती. पण मुकादमांची ती नजर समोर होती, आणि मी म्हणाले, "डबीचं झाकण वाजतं. मला ऐकू येतं ना."

झालं. म्हातारीला पकडून दिलं आणि स्वतःला सोडवलं. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

त्यानंतर मात्र गोष्टी भराभर घडल्या. डोक्याच्या तारांचा रिपोर्ट आला, फिट नव्हतीच. ते औषध उतरवत आणलं. दंडावर निकोटिनची एक छोटी पट्टी चिकटवली. खात्री नाही, पण करून बघू, असं डॉक्टर म्हणाले. हातांच्या पट्ट्या सोडल्या, बेड खिडकीजवळ नेला, समोर मोठं घड्याळ टांगलं आणि रात्री दिवे कमी करायला सांगितले. मी सकाळ-संध्याकाळ बसून राहायचे. सहाव्या दिवशी आत्याबाई सलग पाच तास झोपल्या. सातव्या दिवशी सकाळी डोळे उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय घातलंयस? पोलक्याची बाही एक वर, एक खाली. गिऱ्हाईकाला बी असलंच शिवून देतीस काय गं, मंजे?"

मी इतकी हसले की भाविका सिस्टर धावत आली.

रोज सकाळी तिला पेशंटची एक परीक्षा घ्यावी लागते. ठरावीक प्रश्न असतात, त्यावरून डोकं ठिकाणावर आहे का ते कळतं. तिनं कागद काढला. "आजी, समुद्रात मासे असतात का?"

"मला काय इचारती? तू खाडीवरची. तुलाच म्हाईत."

"हो का नाय, तेवढंच बोला. दगड पाण्यावर तरंगतो का?"

"न्हाय."

"एक किलो दोन किलोपेक्षा जास्त असतो का?"

आत्याबाईंनी थोडा विचार केला. माथाड्याची बायको, माथाड्याची आई. "काटा कुणाचा हाय त्याच्यावर," त्या म्हणाल्या.

भाविकानं पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि बरोबरची खूण केली. दुपारी साध्या वॉर्डात हलवायचं ठरलं.

एवढ्यात अकरा वाजता मुकादम आले. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. घरातल्या डब्या मात्र त्यांनी शोधून काढल्या होत्या. एक तांदळाच्या डब्यात, एक गॅलरीतल्या तुळशीमागे आणि एक माझ्या शिलाई मशीनच्या खणात. ही तिसरी माझी होती, पण ते म्हणाले, "बघ, म्हातारी तुझ्याबी खणात लपवत हुती." आईला जिने उतरता येत नाहीत, मग तंबाखू आणून देणारा कोण, याचा त्यांना ध्यास लागला होता. बिल्डिंगचा वॉचमन शिवा यूपीचा, सदा पुडी चघळणारा. मुकादमांनी त्याच्यावर शिक्का मारून टाकला होता आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून त्याला काढायची तयारीही चालवली होती. तो बिचारा आत्याबाईंना रोज नमस्ते करतो, एवढाच त्याचा गुन्हा.

डॉक्टर आशुतोष राउंडला आलेलेच होते. मुकादम बेडपाशी उभे राहिले. आईला बरं बघून त्यांचे डोळे भरून आले, पण सवाल काही सुटला नाही.

"आये, शपथ मोडलीस."

"मोडली न्हाय," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "शपथ घेतली तवा तोंडात हुतीच. तसली शपथ लागत न्हाय."

डॉक्टर खोकले. मुकादम हसले नाहीत. "ते ऱ्हाऊ दे. तुला आणून कोण देत हुतं, त्येवढं सांग. शिवाच ना?"

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग त्यांची नजर हळूहळू वर गेली, छताला लागली, आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कंडक्टर! उंब्रज आलं का?"

मुकादम दांडीवरून पुढे वाकले. "आये? आगं, मी धनाजी."

"कंबर लागली बसून बसून. त्या म्हाताऱ्याला उठवा आधी."

आठ नंबरचे आजोबा कालच घरी गेले होते. तो बेड रिकामा होता.

डॉक्टरांनी बोटं नाचवली, प्रश्न विचारले, सगळ्याला उत्तर उंब्रज. त्यांनी सुस्कारा सोडला. "डिलिरियम असाच येतो-जातो. सकाळी चांगला, दुपारी पुन्हा. सिस्टर, वॉर्डचं कॅन्सल करा. संध्याकाळी झोपेचं इंजेक्शन परत सुरू करू, आणि नळ्या ओढल्या तर हात बांधा." ते दोन पावलं सरकून मुकादमांना सांगू लागले की आता पुन्हा श्वासावर लक्ष ठेवावं लागेल.

मी चादर सारखी करायला वाकले. चादरीखाली आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. डाव्या हातानं, ज्यातून भांडी पडत होती त्याच हातानं, आणि चांगलं घट्ट. ओठ न हलवता त्या पुटपुटल्या, "गप ऱ्हा. तुझं नाव मी घ्यायची न्हाय. आधीच बाप गेलाय त्येचा ह्याच्यापायी. आय बी आन् बायकू बी, एकदम दोन धक्के सोसायचं न्हाईत त्येला."

"इंजेक्शन देतील, आत्याबाई."

"देऊ द्यात. उंब्रजपातुर झोपीन."

बावीस वर्षांत या बाईनं माझ्या भाकरीला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. आणि आता माझ्यासाठी खुशाल वेडी व्हायला निघाली होती, बांधून घ्यायला निघाली होती, ज्या नळीच्या भीतीनं आम्ही सगळे अर्धमेले झालो होतो त्या नळीच्या वाटेला निघाली होती. पलीकडे भाविका सिस्टर पट्ट्या घेऊन उभी होती आणि तिचा पाय पुढे निघत नव्हता.

"डॉक्टर," मी म्हणाले, "त्यांना काही झालेलं नाही. त्या खोटं बोलतायत."

"वहिनी, नातेवाइकांना असं वाटतं, पण—"

"माझ्यासाठी खोटं बोलतायत. तंबाखू मी आणते. जुईनगर स्टेशनच्या मागून. भाजते मी, डब्या भरते मी. शिवाचा काही संबंध नाही. शिलाई मशीनच्या खणातली डबी त्यांची नव्हती." एवढं बोलून मी थांबले असते, पण थांबायची सवय मला आधीच महाग पडली होती. "ती माझी. मीपण लावते, अहो. नऊ वर्षं झाली."

पर्स उघडून बामची डबी मी बेडवर ठेवली.

आत्याबाई ताडकन उठून बसल्या. एस.टी.बिस्टी सगळं गेलं. "येडी हायस काय गं तू? म्या एवढं सोंग आणलं आन् घालवलंस समदं!"

डॉक्टर आशुतोषांनी आत्याबाईंकडे बघितलं, भाविकाकडे बघितलं. भाविकानं पट्ट्या ट्रॉलीखाली टाकल्या. मग डॉक्टरांनी कागदावरची इंजेक्शनची ओळ खोडली. मला वाटतं त्यांच्या पुस्तकात हे प्रकरण नसावं.

मुकादम काय करतील याची मी वाट बघत होते. ओरडतील, डबी भिरकावतील, निघून जातील. यातलं काहीही चाललं असतं. ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी डॉक्टरांपुढे हात केला. डॉक्टरांच्या खिशात बुबुळं बघायची छोटी बॅटरी असते. डॉक्टरांना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि त्यांनी ती काढून दिली.

"आये, आ कर," मुकादम म्हणाले.

वाद घातल्याशिवाय आत्याबाईंनी केलेली ही पहिली गोष्ट. त्यांनी तोंड उघडलं. मुकादमांनी एका हातानं त्यांची हनुवटी धरली, बॅटरी आत मारली आणि एकेक करत डावा गाल, उजवा गाल, जिभेखाली, हिरडीच्या मागं असं सगळं बघितलं. कुठं बघायचं ते त्यांना पाठ होतं. सासऱ्यांचं तोंड दोन वर्षं तेच रोज बघायचे, तेच धुवायचे. पांढरा डाग कसा दिसतो आणि तो वाढला की कसा दिसतो, हे आयसीयूतल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. मला हे नऊ वर्षं ठाऊक होतं आणि तरी मी रोज गॅलरीत तवा चढवत होते.

"काय न्हाय," ते म्हणाले आणि आत्याबाईंचा ओठ त्यांनी आपल्या रुमालानं पुसला.

मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी रुमालाची घडी उलटी केली आणि बॅटरी वर धरली.

"मंजे," ते म्हणाले, "आ कर."

मी डोळे मिटून तोंड उघडलं.